फोन आधी कोणी ठेवायचा

१४ नोव्हेंबरच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात, बिलाच्या खिडकीवर, मी पंचवीस हजार रुपयांची वाढीव अनामत भरत होतो. बरोबर ग्लोरिया होती. ग्लोरिया म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुलभाची, कॉल सेंटरमधली सहकारी. खरं तर सुलभानेच शिकवून तयार केलेल्या मुलींपैकी एक. खिडकीमागच्या माणसाने माझं कार्ड मशीनला लावलं, "सिस्टिम स्लो आहे, थांबा जरा," म्हणाला आणि उठून आत गेला. बराच वेळ तो आलाच नाही. त्याची खुर्ची थोडी फिरत राहिली, मग तीही थांबली. ग्लोरिया हळूच म्हणाली, "दादा, सुलू मॅडम असत्या ना इथे, तर ह्याचे मार्क कापले असते. होल्डवर टाकून गेला तो गेलाच!" मला हसू आलं. मी हसत असतानाच, सुलभा जिथे होती त्या तिसऱ्या मजल्यावरची परिचारिका जिन्याने खाली आली. लिफ्ट समोरच होती, तरी ती जिन्याने आली... तिने तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. या पुरवणीचे वाचक सुलभाला ओळखत नसणार, आणि ओळखावं असं तिने काही केलेलंही नाही. ती फोनवर बोलायची. चोवीस वर्षं तिने हेच काम केलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं दुसऱ्यांना फोनवर बोलायला शिकवलं. तिचा आवाज तुमच्यापैकी कोणी ऐकलेला असणं कठीण, कारण ती बोलायची इंग्लंडातल्या माणसांशी, त्यांच्या विजेच्या बिलांबद्दल. ज्यांच्याशी ती बोलली त्यांनाही तिचं नाव आठवत नसेल. वीज कंपनीला फोन केल्यावर कोण बोललं, हे आपण तरी कुठे लक्षात ठेवतो? म्हणून हे लिहायला बसलो. मी हिशेबाचा माणूस आहे, दोन गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहितो. त्यापलीकडे लिहिण्याची सवय नाही.

आमचं गाव कणकवलीजवळ. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर भांडुपला औषधांच्या एका गोदामात त्यांनी रखवालदारी केली, आणि त्या गोदामापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर घेतलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याच घरात मी आजही राहतो. मी सुलूपेक्षा पाच वर्षांनी मोठा. लग्नं दोघांचीही राहिली. त्याची कारणं वेगवेगळी होती आणि इथे त्यांचं काम नाही. आई-वडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी मुळात कमी बोलणारा. सुलू म्हणायची, आमच्या घरातला बोलण्याचा सगळा कोटा देवाने चुकून तिच्या एकटीच्या नावावर टाकला.

बी.ए. झाल्यावर ती फोर्टमधल्या एका जहाज कंपनीच्या दलालाकडे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. समोर बोर्ड, कानाला फोन, आणि "जस्ट अ मोमेंट प्लीज." पुढे त्या कचेरीत आपोआप फोन जोडणारं नवं यंत्र आलं आणि सुलूसह दोन मुलींना निरोप मिळाला. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं होती. मरोळला एका जुन्या कारखान्याच्या गाळ्यात परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारी कंपनी निघाली होती, आणि माणसं मिळेनात म्हणून ते वर्तमानपत्रात जाहिरात देऊन थेट मुलाखतीला बोलवत होते. सुलू सकाळी मुलाखतीला गेली आणि दुपारी नेमणुकीचं पत्र घेऊन आली. पगार नऊ हजार आठशे. माझा, बारा वर्षांच्या नोकरीनंतर, सात हजार चारशे होता. मी ते पत्र दोनदा वाचलं. आई तेव्हा होती. तिला काम काय ते समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "बोलूचे पैशे दितत? मगे तुझ्या आत्येक पयली न्येवची होती त्यांनी!" कणकवलीची आमची आत्या एकदा बोलायला लागली की चुलीवरचा भात करपेपर्यंत थांबत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. त्या दिवशी घरात जे हसणं झालं, तसं पुन्हा फारसं झालेलं मला आठवत नाही.

पहिली सात-आठ वर्षं तो धंदा असा वाढला की सुलूलाही मोजदाद राहिली नाही. गाळ्याचा मजला झाला, मजल्याची इमारत झाली, मग मालाडला काचेची नवी इमारत. घरी न्यायला-आणायला जीप. तीस-तीस पोरांच्या तुकड्या भरती व्हायच्या. ओळखीचं माणूस आणून दिलं तर वेगळे पैसे मिळायचे. आमच्या आळीतले तिघे सुलूने लावले. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली पोरं आली, मरोळच्या गावठाणातली ग्लोरिया आली. पोरं जितक्या झपाट्याने यायची तितक्याच झपाट्याने जायचीही. शेजारच्या इमारतीत हजार रुपये जास्त मिळतात म्हटल्यावर महिनाभर शिकवलेलं पोरगं सोमवारी दिसायचंच नाही. "मी धर्मशाळा चालवते की काय?" सुलू म्हणायची. तरी ती टिकली, आणि टिकली म्हणून शिकवणारी झाली. तिचं काम इंग्लंडच्या घड्याळावर, म्हणजे दुपारी दीड ते रात्री साडेदहा. मी सकाळी आठला बाहेर पडणारा. एकाच घरात राहून आमची गाठ पडायची ती सकाळच्या चहाला आणि रविवारी.

शिकवताना ती दोनच गोष्टींवर अडून बसायची; बाकी सगळं येतं हळूहळू, म्हणायची. पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं असेल तर दर थोड्या वेळाने परत येऊन सांगायचं, "मी आहे, बघतेय." काम झालेलं नसलं तरी सांगायचं. थांबलेल्या माणसाला आपल्याला विसरले असं वाटता कामा नये. दुसरी गोष्ट, फोन आपण आधी ठेवायचा नाही. गिऱ्हाईक ठेवेल, मग आपण. ही तिच्या कंपनीची शिस्त होती, तिने शोधून काढलेली नव्हे. पण सुलूच्या ती इतकी अंगात भिनली की घरीही सुटेना. रविवारी मी जेवायला बसलो आणि पोळी तव्यावर असली तर आतून आवाज यायचा, "दादा, थांब हं, आणते." मिनिटभराने पुन्हा, "दादा, होतेच आहे हं." मी म्हणायचो, "अगं, मी कुठे पळून चाललोय?" त्यावर ती म्हणायची, "बोलत जा रे तूही काहीतरी. मला कसं कळणार आत, तू बाहेर आहेस की नाही?"

याच शिस्तीपायी तिला एकदा फटका बसला. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोन होता. बिल जास्त आलंय, अशी तक्रार. सुलूने मीटरवरचा आकडा वाचून दाखवायला सांगितलं. बाई म्हणाली, मीटर जिन्याखाली आहे, अंधार आहे, बॅटरी शोधून आणते. आणि ती गेली. गिऱ्हाईक असं गेलं तर दोन मिनिटं वाट बघून फोन ठेवायची मुभा होती, नव्हे, तसा नियमच होता. कारण प्रत्येक फोन सरासरी किती वेळात संपवायचा याचा आकडा ठरलेला असे आणि त्यावर सबंध गटाचा बोनस लटकलेला असे. सुलू अकरा मिनिटं थांबली. वरिष्ठ मागे उभा राहून हाताने कापण्याची खूण करत होता. सुलूने मान हलवली. अकरा मिनिटांनी बाई धापा टाकत परत आली, तिने आकडा वाचला, आणि मग विचारलं, "तू अजून आहेस?" त्या महिन्याचा बोनस गेला, आणि गटातल्या पोरांनी दोन दिवस अबोला धरला तो वेगळाच. मी तिला म्हटलं, सरासरी म्हणजे सरासरी, एका फोनसाठी सगळ्यांचं नुकसान कशाला? हिशेबाने माझं बरोबरच होतं. ती म्हणाली, "दादा, ती बॅटरी घेऊन परत आली असती आणि लाइनवर कोणी नसतं... तर?"

मी तिला काम करताना पहिल्यांदा ऐकलं ते महामारीच्या वर्षी. कंपनीने घरी संगणक पाठवला, आतल्या खोलीत टेबल लागलं, दार बंद. मीही घरीच. सुरुवातीला मला वाटलं, आत दुसरंच कोणी बसलंय. इंग्रजी बोलत होती म्हणून नव्हे. आवाज वेगळा होता. इतका सावकाश, इतका निवांत. आमच्याशी ती फटफट बोलायची, भांडुपच्या बाजारात कोळणीशी बोलावं तसं. आत मात्र कोण कुठली माणसं, कोणाची नोकरी गेलेली, कोणाचं माणूस गेलेलं, आणि ही त्यांना म्हणतेय, वेळ घ्या, मी आहे. मी बाहेरच्या खोलीत वही उघडून बसायचो आणि तो आवाज ऐकायचो. शब्द सगळे कळायचे नाहीत. एवढं कळायचं की पलीकडच्या बाजूला कोणीतरी एकटं आहे आणि या बाजूला माझी बहीण आहे. संध्याकाळी चहाला ती बाहेर आली की पुन्हा आपली, "काय रे, दूध नासवलंस ना?"

महामारी ओसरली आणि धंद्याचं रूप बदललं. गिऱ्हाइकांची सोपी कामं, म्हणजे बिल किती, तारीख कुठली, पत्ता बदला, ही यंत्रं करू लागली. फोनवर आणि लिहूनही. काही काम दुसऱ्या देशात गेलं. सुलू त्यावर कधी कुरकुरली नाही; टेलिफोन बोर्डाच्या वेळी एकदा हे बघितलं होतं. "यंत्राने मला एकदा घरी बसवलं आणि यंत्रानेच दुसरी नोकरी दिली. त्याचा माझा हिशेब बरोबरीचा आहे," म्हणायची. तिला खुपत होतं ते दुसरंच. सोपे फोन यंत्राकडे गेल्यावर माणसांकडे उरले ते नुसते चिडलेले आणि रडणारे. पूर्वी दहा फोनांत एखादा रडण्याचा असायचा, मध्ये नऊ वेळा श्वास घ्यायला मिळायचा. आता एकामागून एक तेच. नवी पोरं दोन आठवड्यांत खचून जायची. मग भरतीच आटली. तीसची तुकडी बारावर आली, बाराची पाचावर, आणि गेल्या वर्षी जानेवारीत तिला सांगण्यात आलं की यापुढे शिकवायला तुकडी नसेल. हुद्दा शिकवणारीचा, समोर वर्ग नाही. पगार चालू होता. तरी ती महिनाभर रोज दीड वाजता नीट साडी नेसून आतल्या खोलीतल्या टेबलाशी बसायची, कोणी बोलावलंच तर तयार असावं म्हणून.

मार्चमध्ये तिच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात वळसे नव्हते, आणि आम्हा दोघांनाही वळसे नको होते. उपचारांचा खर्च कंपनीच्या विम्यातून निघत होता. वेदनेला औषधं होती. सुलूला काळजी होती ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती तिने एका रविवारी चहा पिता पिता सरळ बोलून दाखवली. "दादा, मी गेल्यावर तुझं तोंड कोण उघडणार?" मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे हेच. तू 'म्हणजे' म्हणून गप्प बसतोस." खोटं नव्हतं. गॅस, वीज, बँक, नातेवाईक, सगळे फोन ती करायची. मी खिडकीवर जाणारा माणूस. विजेचं बिल भरायला दोन बस बदलून जाईन, पण फोन उचलून बोलणार नाही. फोनवर समोर माणूस दिसत नाही, आणि तो आपल्या बोलण्याची वाट बघतोय एवढंच जाणवतं. तिथे माझी जीभ टाळूला चिकटते. सुलूचं म्हणणं असं की आता खिडक्या राहिल्याच नाहीत. जे आहे ते फोनवर आहे. आणि फोनवर न बोलणारा माणूस एका घरात एकटा राहिला की वर्षभरात त्याची भाषाच जाते. तिने असे म्हातारे फोनवर रोज ऐकले होते. बिलाचं निमित्त करून फोन करणारे आणि मग बिलाबद्दल काय विचारायचं तेच विसरणारे.

तर तिची शेवटची तुकडी म्हणजे मी. त्यांच्या धंद्यात नवख्याला खऱ्या गिऱ्हाइकासमोर सोडण्याआधी खोटे फोन करवतात, त्याला मॉक म्हणतात. शिकवणारी गिऱ्हाईक होते, शिकणारा उत्तर देतो, आणि दोघं पाठीला पाठ लावून बसतात. "चेहरा बघून कोणीही बोलेल, ती काय मोठी गोष्ट आहे?" असं सुलूचं म्हणणं. आमच्यात उलटं होतं; गिऱ्हाईक मी, उत्तर देणारी ती. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायची, मी खुर्चीत खिडकीकडे तोंड करून. तिच्या कानाला टीव्हीचा रिमोट, माझ्या कानाला चष्म्याची डबी.

"नमस्कार, भांडुप गॅस, बोला सर."

"सिलिंडर."

"सिलिंडरचं काय, सर?"

"पाहिजे."

"सर, तुम्ही वाण्याच्या दुकानात आलेले नाही. तुमचं नाव सांगा, नंबर सांगा. आणि आवाजात जरा जीव आणा, सिलिंडर संपलाय, तुम्ही नाही!"

असं महिनोन्‌महिने चाललं. उपचारांच्या दिवशी नाही, आणि त्यानंतरचे दोन दिवस नाही. बाकी रोज चहानंतर एक मॉक. ती बँक झाली, पाइप दुरुस्त करणारा झाली, संस्थेचा तापट चेअरमन झाली. एकदा ती कणकवलीची आत्या झाली. "कोण? वसंता? आज खंयसून सूर्य उगवलो?" मी म्हटलं, "बरी आहेस ना, आत्ये?" "बरी आसंय. मगे?" त्या "मगे?"नंतर काय बोलायचं ते मला सुचेना. पाठीमागे सुलूचे खांदे हलत होते. हसून हसून तिला खोकला आला, मग पाणी दिलं. एकदा ग्लोरिया फळं घेऊन आली, तर दारातच थबकली. दोन वयस्क माणसं पाठीला पाठ लावून बसलेली, एकाच्या कानाला चष्म्याची डबी. "अरे देवा! दादांची बॅच सुरू आहे?" म्हणाली. सुलू तिथूनच ओरडली, "ग्लोरे, बस. ह्याला आज फ्लोअरवर सोडायचा की नाही ते तू सांग." फ्लोअर म्हणजे जिथे खरे फोन घेतात तो मजला. ग्लोरियाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, अजून दोन आठवडे ठेवा."

मला शेवटपर्यंत जमत नव्हतं ते मॉक संपवणं. ती विचारायची, "अजून काही मदत करू शकते, सर?" मी म्हणायचो, "नाही." मी डबी कानाला लावून बसलेला, ती रिमोट कानाला लावून. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या. थोड्या वेळाने ती वैतागायची.

"ठेव की रे फोन!"

"तू ठेव ना."

"मला अलाउड नाही. तूच ठेवायचा."

मग मी डबी टेबलावर ठेवायचो आणि तिच्याकडे वळायचो. तेव्हाच तीही वळायची.

ऑक्टोबरअखेर ती पलंगावर नीट बसू शकत नव्हती. भिंतीला उशी लावून, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "चल, आज शेवटचा. वेगळा आहे. ग्राहक वारलेली आहे आणि भावाला तिचा नंबर बंद करायचाय. असा फोन आमच्याकडे रोज यायचा, मला चांगला येतो. बोल." मी डबी उचलली होती, ती खिशात टाकली. म्हटलं, "हा मी करणार नाही." ती म्हणाली, "करावा लागेल रे. नाहीतर बिल येत राहील. फुकटचं बिल तुला चाललंय का कधी?" तिच्या हातातला रिमोट तसाच कानाशी होता. ती माझी वाट बघत होती, आणि ती वाट किती वेळ बघू शकते हे मला माहीत होतं. शेवटी तिनेच रिमोट खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तिने आधी ठेवलेला हा पहिला फोन. "बरं," ती म्हणाली, "हा मॉक राहू दे. हा डायरेक्ट फ्लोअरवर शीक."

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. १४ नोव्हेंबर आला.

घरात आता जो आवाज असतो तो फ्रिजचा. सुरुवातीला मी त्याला आवाज समजत नव्हतो. सकाळी चहा करतो, एकाच कपाचा; आधण ठेवताना हात अजून दोन कपांचं पाणी घेतो, मग जास्तीचं परत ओततो. संस्थेतली माणसं भेटायला आली, बसली, गेली. कणकवलीहून आत्येचा फोन आला. ती बोलली, रडली, मग म्हणाली, "मगे, वसंता?" आणि मी म्हटलं, "सकाळी जेवतो, संध्याकाळी भात टाकतो. कुकर दोन शिट्ट्यांवर बंद करतो." आत्या म्हणाली, "तीन कर." तो माझा पहिला खरा फोन.

डिसेंबरअखेर सुलूच्या मोबाइलचं बिल आलं. तिच्या नावावर, तिच्या पत्त्यावर. मी ते टेबलावर ठेवलं, रात्रभर तिथेच राहू दिलं, सकाळी अंघोळ करून खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसलो आणि कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. यंत्राने बरीच चौकशी केली. मी पुन्हा पुन्हा शून्य दाबत राहिलो. मग एक मुलगी आली.

"नमस्कार, मी पल्लवी बोलतेय. काय मदत करू?"

मी नाव सांगितलं, नंबर सांगितला. म्हटलं, "हा नंबर माझ्या बहिणीचा. ती वारली. तो बंद करायचा आहे." पूर्ण वाक्यं बोललो. मध्ये अडकलो नाही.

"ऐकून वाईट वाटलं, सर. कागदपत्रं काय लागतील ते बघते. तुम्हाला थोडा वेळ होल्डवर ठेवू का?"

"ठेवा."

सनई वाजायला लागली. थोड्या वेळाने ती थांबली. "सर, थांबल्याबद्दल धन्यवाद. मी आहे, अजून बघतेय." पुन्हा सनई. पुन्हा, "सर, मी आहे." मला राहवलं नाही. म्हटलं, "हे मध्येमध्ये येऊन सांगायचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"काय, सर?"

"मी आहे म्हणून सांगायचं."

"ते ट्रेनिंगमध्येच असतं, सर." जरा थांबून, हलक्या आवाजात, "आमच्या मॅडम फार कडक होत्या ह्या बाबतीत." कुठल्या मॅडम, कुठल्या गावातल्या, हे मी विचारलं नाही. तिला सांगता आलं नसतं. कडक मॅडम सगळीकडे असतात.

मग तिने सांगितलं की मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन त्यांच्या दुकानात गेलं की नंबर बंद होईल. "किंवा सर, रक्ताच्या नातेवाइकाला तो नंबर स्वतःच्या नावावर करून घेता येतो. काय करायचं, सर?"

हा प्रश्न सुलूच्या कुठल्याच मॉकमध्ये नव्हता. फोनवर अशी शांतता पडली की उत्तर देणाऱ्याचे मार्क कापतात, हे मला माहीत होतं. तिच्यामागेही कोणीतरी उभं असेल, सरासरी बघत असेल. "सर, तुम्ही लाइनवर आहात?" मी म्हटलं, "आहे." "वेळ घ्या, सर. मी आहे." मला एकदम जिन्याखालच्या मीटरवाली ती म्हातारी आठवली. आणि मी सांगितलं, नंबर माझ्या नावावर करायचा आहे.

"अजून काही मदत करू शकते, सर?"

"नाही."

ती थांबली. मीही थांबलो. पलीकडे दुसऱ्या मुलींचे पुसट आवाज येत होते... तिला ठेवायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, "ठेवतो हं, पल्लवीताई." आणि ठेवला. मग खुर्चीत मागे वळलो. पलंगावर चादर नीट अंथरलेली होती.

सोमवारी मुलुंडच्या दुकानात जाऊन नंबर नावावर करून घेतला. सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन आतल्या खोलीत, तिच्या टेबलावर ठेवला. रविवारी चहाच्या वेळी तो वाजला. ग्लोरिया होती. माझा आवाज ऐकून घाबरलीच. "दादा? मी असाच लावला हो. वाटलं, बंद आहे म्हणून सांगतील..." मग आम्ही बोललो. तिच्या कंपनीतली अजून चाळीस माणसं मार्चअखेर जाणार आहेत. तिचं नाव त्यात आहे की नाही हे कळलेलं नाही. तिची मुलगी दहावीला आहे. मी सांगितलं, पोळ्या अजून गोल होत नाहीत. ती म्हणाली, "बरं दादा, चला." मी म्हटलं, "चला." आणि मग कोणीच फोन ठेवेना. तिचा श्वास ऐकू येत होता. तिच्या गावठाणातल्या चर्चची घंटा ऐकू येत होती.

"दादा, ठेवा ना तुम्ही."

"तू ठेव. फोन तू केला आहेस, गिऱ्हाईक तू."

ती हसली, का रडली, कळलं नाही. शेवटी तिनेच ठेवला. मी आणखी थोडा वेळ कानाला लावून बसलो.

हिशेब पुरा करतो. रुग्णालयाने पंचवीस हजारांची अनामत विम्याचे पैसे मिळाल्यावर परत दिली. सुलूच्या नंबराचं महिन्याचं बिल, दोनशे नव्व्याण्णव आणि त्यावरचा कर मिळून तीनशे बावन्न रुपये ब्याऐंशी पैसे, मी फोन कंपनीच्या मुलुंडच्या दुकानात भरलं. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, नंबर वापरात आहे ना? मी आहे म्हणालो.